टॅबमधलं अर्धं पारायण

ही गोष्ट कुणाला सांगू नको, असं आण्णांनी मला बजावलंय. तरी लिहितोय, कारण हे एकट्याने पोटात ठेवणं आता होत नाही. यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. श्रीगोंद्याजवळच्या आमच्या वस्तीवरची.

आणि रात्रबित्र काही नाही... भर सकाळी, अंगणात ऊन आलेलं असताना.

बहीण अश्विनी बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना, बीपी वाढलेलं. याआधी दोनदा मूल पोटातच गेलेलं. डॉक्टर नीट काही बोलत नव्हते. आण्णा, म्हणजे आमचे वडील, यांनी तिच्यासाठी सात दिवसांचं पारायण धरलं. आयुष्यातलं पहिलंच. छापील पोथीची अक्षरं त्यांना दिसत नाहीत, म्हणून मी नगरहून एक जुना, स्वस्तातला टॅब आणला. वापरणारी बाई वारली होती, तिच्या नवऱ्याने विकलेला. पोथी आत आयतीच होती. दुकानदार सगळं पुसायला निघाला, तर मीच म्हणालो, "राहू द्या की."

तेवढी एक चूक माझी.

पहिल्या दिवशी आण्णा अंघोळ करून बसले. समोर एक पाट रिकामा मांडला. पारायण ऐकायला देव येतो म्हणतात, त्याची ती जागा. मी अक्षरं मोठी करून दिली आणि गोठ्यात गेलो. पोथी जिथे उघडली, तिथून आण्णा वाचत गेले.

परत येऊन बघतो तर पाचव्या दिवसाचे अध्याय वाचून झालेले!

ती बाई चार दिवस वाचून गेली होती... आण्णांनी तिचा पाचवा दिवस वाचला होता.

त्यांचा चेहराच उतरला. "दुसऱ्याचं पारायन हाय हे. पन आता आपला हात लागला. अर्ध्यात सोडता येत न्हाई. ऱ्हायलेले दोन दिवस उरकू, मग आपलं धरू."

दुसऱ्या दिवशी मी शेजारी बसलो. आण्णा पान सरकवायला बोट उचलायचे...

पान आधीच सरकलेलं असायचं.

स्वस्तातला टॅब, स्क्रीन बिघडली असेल म्हटलं.

मग आवाज आला.

"हं..."

कथा ऐकणारं माणूस हुंकार देतं ना, तसा. प्रत्येक ओवीनंतर. मला वाटलं, अश्विनी आतून देतेय. वाचन संपल्यावर तीच म्हणाली, "दादा, लई मन लावून ऐकत हुतास रे!"

मी तोंड उघडलंच नव्हतं.

शेवटच्या दिवशी हुंकार समोरच्या पाटावरून येत होता. आण्णा थांबले नाहीत. शेवटची ओवी झाली...

हुंकार आला नाही. पाखरं, शेजारची मोटर, काहीच ऐकू येईना.

मी पोथी पहिल्या पानावर नेली. उद्या आण्णांना तिथून वाचायचं होतं. तिथे त्या बाईने एक टीप लिहून ठेवली होती. हे पारायण कशासाठी करतेय, तो संकल्प.

'माझी चार वर्षांची लेक गेली. ती मला परत मिळावी.'

तेवढ्यात आतून अश्विनी किंचाळली. कळा सुरू झाल्या होत्या. महिनाभर आधीच.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. अश्विनी आनंदाने रडली, मी मात्र पेढा तसाच खाली ठेवला. टीप मी आण्णांना दाखवली, तिला नाही. आण्णांनी नातीला अजून मांडीवर घेतलेलं नाही.

आता ती दोन महिन्यांची आहे. परवा अश्विनी तिला पाजत होती, मी दाराबाहेर होतो. पिता पिता पोर थांबायची, आईच्या खांद्यावरून मागे बघायची आणि हसायची...

मागे नुसती भिंत.

अश्विनीने तिला हाक मारली. गाल ओढला. पोरीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अश्विनीने मागे वळून भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"दादा... खरं सांग. ही माझीच हाय ना?"