मीठ जास्त झालंय

“अहो, सांगा ना तिला एकदा! गप काय गिळताय?”

गोदूबाईच्या खानावळीत एवढ्या मोठ्यानं कुणी बोललं, तेव्हा टीव्हीवरचे अप्पा आमटीचा दुसरा भुरका घेत होते. खानावळ कसली, मुरुडच्या एसटी स्टँडमागे पत्र्याखाली मांडलेली चार टेबलं. पण शनिवारी दुपारी तिथे ‘आमच्याकडे सगळं ठीक’ लागायची, आणि ती लागली की माणसं घास हातात धरून बसायची. वीस-बावीस वर्षांपूर्वीची मालिका. एकत्र कुटुंब, भांडणं, हशा... आणि हा भाग तर सगळ्यांचा लाडका. नव्या सुनेची, सुलूची पहिली आमटी खारट होते. अप्पा एक शब्द न बोलता दोन वाट्या संपवतात आणि वर हसून “अजून वाढ गं” म्हणतात.

इथे गोदूबाईनं डोळ्यांना पदर लावायचा, हेही ठरलेलं.

प्रज्ञानं मागे वळून पाहिलं. भिजलेला चौकड्यांचा शर्ट, टेबलावर पिवळं हेल्मेट, आणि टीव्हीकडे रोखलेले खरोखरच रागावलेले डोळे.

“शांतपणे बघायचं असतं हो,” ती म्हणाली. “सगळ्यात सुंदर प्रसंग आहे हा.”

“सगळ्यात वाईट आहे, मॅडम.”

“मॅडम कशावरून?”

“बोटांना खडू लागलाय.”

तिनं बोटं ओढणीत लपवली. मुरुडजवळच, नांदगावच्या शाळेत ती शिकवायची. शनिवारची अर्धी शाळा सुटली की जेवायला आत्याकडे, म्हणजे गोदूबाईकडे, यायची. खडू रोजच लागायचा. आजवर तो कुणी पाहिला मात्र नव्हता.

“वाईट कसा?” तिनं विचारलं. “सुनेला वाईट वाटू नये म्हणून खातात ते.”

“मग ती बिचारी जन्मभर खारटच करणार ना!”

एवढ्यात गोदूबाईनं त्याच्यापुढे ताट ठेवलं. बांगड्याचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी. त्यानं घास घेतला. थांबला. आणि अगदी साधेपणानं म्हणाला, “मावशी, मीठ जास्त झालंय.”

पत्र्यावरचा पाऊस एकदम मोठा ऐकू यायला लागला.

शेजारच्या टेबलावर सहा आसनी रिक्षावाल्या सदाचा घास तोंडाशीच राहिला. निवृत्त पोस्टमन बाळाजी आपल्या ताटातच बघत बसले. कारण त्याचं खरं होतं. गेल्या वर्षीच्या तापानंतर गोदूबाईचं कालवण खारट व्हायला लागलं होतं, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. सदा भात जास्त घ्यायचा. बाळाजी गुपचूप पाणी ओतायचे. प्रज्ञा भाकरी दुप्पट खायची. गोदूबाईनं या सगळ्यांना कधी ना कधी उपाशीपोटी बोलावून जेवू घातलं होतं... तिला कोण सांगणार? पर्यटक एकदा जेवून जात ते परत येत नसत, आणि गोदूबाई रिकाम्या टेबलांकडे बघून म्हणायची, “औंदा लोकच कमी हायत.”

“कुठला रं तू?” गोदूबाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

“उरणचा. सम्यक. जेट्टीच्या कामावर सुपरवायझर म्हणून आलोय.”

“उरणात असंच बोलतात व्हय, जेवताना?”

“खोटं बोललो का, मावशी?”

गोदूबाई पाय आपटत आत गेली. प्रज्ञा उठली आणि त्याच्या टेबलाजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली, “आत्या आहे ती माझी. आता दुसरीकडे कुठेतरी जेवा.”

“तुम्हाला नाही लागत खारट?”

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडायची, आणि हे आपल्या लक्षात का राहिलं यावर ती पुढे आठवडाभर चिडून होती.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा हजर. प्रज्ञाला वाटलं, आता आत्या ह्याला हाकलणार. पण गोदूबाई आतून पळी घेऊन आली आणि ती त्याच्यासमोर धरली.

“चाख.”

त्यानं तळहातावर थेंब घेऊन चाखलं. “आज कमी आहे. चिमूटभर घाला.”

गोदूबाई आत जाता जाता प्रज्ञापाशी थांबली. तिचा आवाज एवढासा झाला होता. “तापानंतर चवच कळंना झालीय मला, बाय. हाताच्या अंदाजावर टाकते. कुणाला बोलले न्हाय... उगा तुमच्या जिवाला घोर कशाला!”

इतके दिवस आत्या त्यांच्यापासून लपवत होती, ते आत्यापासून लपवत होते, आणि सगळे एकमेकांवर जीव टाकत खारट कालवण खात होते.

मग दर शनिवारी सम्यक चाखायचा आणि मालिका लागली की दोघं भांडायची. खानावळीला त्या भांडणाची सवयच लागली. परतीचा पाऊस संपला, हवा कोरडी झाली, ‘तुम्ही’चं ‘तू’ नक्की कुठल्या शनिवारी झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं.

“गॅस सिलिंडरचा भाग तरी आवडतो का?” ती विचारायची. “सगळं घर सिलिंडर लपवतं आणि शेवटी पाहुणे त्याच्यावरच बसलेले असतात!”

“तो फर्स्ट क्लास. पण तो धाकटा मुलगा दुबईहून येतो तो भाग? डायरेक्ट दुसराच नट! आणि माई म्हणते, ‘किती वाळलास रे!’ घरात एकालाही वाटत नाही, विचारावं की बाबा, तू कोण?”

प्रज्ञाला सोलकढीचा ठसका लागला. सदानं तिच्यापुढे पाणी सरकवलं. “मास्तरीणबाई, जपून. हा पोरगा माणूस मारील.”

“मग तुझा आवडता प्रसंग कुठला?” डोळे पुसत तिनं विचारलं. “का नुसती नावंच ठेवता येतात?”

सम्यक थोडा वेळ हेल्मेटचा पट्टा चाळवत राहिला. “बारशाचा. घरभर गोंधळ चाललाय, सगळे हसतायत, आणि मालिकेतली ती आत्या मधेच म्हणते – मला फार एकटं वाटतं रे. त्या भागात मागून तो टेपवरचा हशा येत नाही बघ. सगळी मालिका एकीकडे, ते एक वाक्य एकीकडे.”

प्रज्ञानं तो भाग कितीदा पाहिला होता. त्या वाक्याला ती नेहमी भाकरी आणायला उठायची.

“माझी आई अशीच,” तो म्हणाला. “पोटात दुखायचं तर सांगायची नाही. विचारलं की, आमच्याकडे सगळं ठीक! शेवटी ऑपरेशन करावं लागलं. आता बरी आहे... आता शिंक आली तरी फोन करते. ‘सम्यक, शिंकले रे.’ मी म्हणतो, शिंक, आई. पण सांगत जा.”

तो हसत होता. प्रज्ञाला मात्र त्याचा हात धरावासा वाटला. तिनं धरला नाही. त्याच्या ताटात भाकरी वाढली. त्यांच्या घरात माया अशीच दाखवायची पद्धत होती.

तिचे वडील भिकूनाना रोज पहाटे तिच्यासाठी पाणी तापवून ठेवायचे. पण ‘जपून जा’ एवढंही त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. तसं म्हणायची गरजच काय, असं प्रज्ञाला वाटे. मायेच्या माणसाला आपोआप कळतं. सम्यकला पण कळत असणार... ती मुद्दाम त्याच्या शेजारचं टेबल घेते, अबोली माळते ती फक्त शनिवारी, हे काय दिसत नसेल? खडू दिसला होता की.

पौषातल्या एका शनिवारी सम्यकनं कालवण चाखलं, “बरोबर आहे” म्हणाला, आणि टीव्ही लागला तरी भांडला नाही.

“काय झालं?”

“जेट्टीचं काम उरकत आलं. कंपनी गुजरातला पाठवतेय. मोठं बंदर आहे, पगार वाढेल. वर्ष-दोन वर्षं तरी तिकडेच.” तो ताटातल्या भाकरीचा तुकडा फिरवत राहिला. “जाऊ का?”

टीव्हीवर कुणीतरी काहीतरी बोललं आणि टेपवरचा हशा उसळला. प्रज्ञानं हातातला घास ताटात ठेवला. ओठांवर मात्र हसू आलं – अप्पांच्या ओठांवर आलं होतं, तसंच.

“जा की! विचारतोस काय? एवढी चांगली संधी...”

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. नीट, बराच वेळ. “नक्की?”

“नक्की.”

“बरं,” तो म्हणाला. हेल्मेट उचललं आणि निघून गेला. ताटात अर्धी भाकरी तशीच.

गोदूबाई दारात उभी होती. “काय बोललीस तू त्याला?”

“जा म्हटलं. त्याच्या भल्याचं आहे, आत्या.”

“आणि तुझ्या?”

“माझं काय... त्याला कळायला नको? एवढं सगळं कळतं त्याला!”

गोदूबाई समोर बसली. एरवी ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर कधी बसायची नाही. “मला मीठ सांगायला उरणचा माणूस यावा लागला, बाय. तुम्ही सगळी माझी मायेची. वरीसभर गप राहिलात. मी रिकाम्या टेबलांकडं बघून रडायचे, ठाव हाय? वाटायचं, हाताला यशच न्हाय उरलं. आपल्या माणसाला वाईट वाटंल म्हणून गप राहायचं... त्यानं वाईट टळतं व्हय?” तिनं प्रज्ञाच्या हातातलं ताट काढून घेतलं. “तो तुला विचारत व्हता. तू त्याला खोटं सांगितलंस. आता जा, खरं सांगून ये. मंग जाईना का गुजरातला.”

बाहेर सदानं रिक्षा आधीच चालू करून ठेवली होती. “बसा मास्तरीणबाई. आगरदांड्याच्या जेट्टीवरच ना?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुमचं भांडण ऐकायला तर मी रोजचा धंदा सोडून शनिवारी इथं जेवतो,” सदा म्हणाला.

जेट्टीवर दुपारचं ऊन पांढरं पडलं होतं. पलीकडून दिघीची फेरीबोट हळूहळू येत होती. सम्यक कठड्याला टेकून उभा होता. तिला पाहून त्यानं उगाचच हातातली मोजायची टेप गुंडाळायला घेतली.

प्रज्ञानं रिक्षात वाक्यं जुळवली होती. चांगली, नीट वाक्यं. समोर आल्यावर त्यातलं एकही उरलं नाही.

“नको जाऊस.”

वाऱ्यानं तिच्या ओढणीचं टोक उडालं. त्यानं ते धरलं आणि सोडायला विसरला.

“मघाशी तर...”

“मघाशी खोटं बोलले. मला वाईट वाटेल. शनिवारीच नाही, रोज वाटेल. तुला जायचंच असेल तर जा, मी अडवणार नाही. पण मला चालेल असं समजून जाऊ नकोस. मला... मला आवडतोस तू.”

सम्यकनं हातातलं ओढणीचं टोक सोडलं. मग खाली बघत म्हणाला, “जायचं नव्हतंच मला. उरणच्या यार्डातलं माझं जुनं काम अजून आहे, शनिवारी इथं येता येईल. वाटलं, तू नको म्हणशील... म्हणून विचारलं.”

“म्हणजे?” प्रज्ञाचा आवाज चढला. “सगळ्या जगाला तोंडावर सांगतोस. माझ्या आत्याला पहिल्या घासाला सांगितलंस! आणि स्वतःचं तेवढं मी ओळखायचं?”

“मीठ सांगणं सोपं असतं गं,” तो अगदी हळू म्हणाला. “मनातलं सांगून कुणी नाही म्हटलं, तर जेवण गोड लागत नाही.”

ती हसली, आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. “मग आता सांग. मी ऐकतेय.”

“आवडतेस. पहिल्या शनिवारपासून. मला दुसरीकडे जेवायला सांगितलंस ना, तेव्हापासून.”

फेरीबोट धक्क्याला लागली. माणसं, मोटारसायकली, माशांच्या टोपल्या त्यांच्या बाजूनं जाऊ लागल्या. एका मावशीनं टोपलीआडून दोघांकडे बघून घेतलं. सम्यक मात्र एकदम कावराबावरा झाला.

“काय रे?”

“तू जा म्हणालीस ना... मी स्टँडवरूनच साहेबांना फोन केला. हो सांगून टाकलं.”

“एवढ्या लगेच?”

“राग आला होता मला!”

“मग कर फोन. आत्ता.”

त्यानं फोन लावला. तिनं त्याच्या बाहीचं टोक बोटांत धरून ठेवलं होतं.

“सर, मी सम्यक. मघाशी हो म्हणालो, पण... नाही जमणार गुजरातला. सॉरी सर. नाही, पगाराचं काही नाही...” त्यानं फोनवर तळवा ठेवला. “कारण विचारतायत. काय सांगू?”

“जे आहे ते.”

“सर, ते असं आहे...” त्याचे कान लाल झाले. “इथे मुरुडला माझं लग्न ठरतंय. बहुतेक.”

“बहुतेक काय?” प्रज्ञा इतक्या मोठ्यानं म्हणाली की टोपलीवाली मावशी थांबली.

साहेबांना पलीकडे तिचा आवाज ऐकू गेला असावा. मग सम्यकच्या गालावर ती खळी उमटली. “प्रज्ञा, सर विचारतायत... ह्या कोण?”

तिनं हात पुढे केला. फोन घेणाऱ्या बोटांना अजून खडू लागलेला होता. आवाज, तिचं तिलाच नवल वाटलं, अगदी स्पष्ट आला.

“नमस्कार सर. ती मीच.”