थंड उजेड

"नळ्या चोरीला गेल्या," शिवलिंग म्हणाला.

तो जिथे कामाला होता, त्या नळदुर्गच्या हमरस्त्यावरील रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात सकाळ नुकतीच शिरत होती. हैदराबादच्या जुन्या बाजारातून त्याने काचेच्या चार नळ्या आणल्या होत्या. प्रत्येकीत तारेचे दहा आकडे; वीज मिळाली की हवा तो एकच नारिंगी उजळे. त्यांचे घड्याळ तो आज दुपारच्या एस.टी.ने हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत दाखवायला नेणार होता. पसंत पडले, तर नोकरी.

खासगी तपासनीस अंबादास घड्याळाच्या रिकाम्या खोक्यावर वाकले. तारा कुठेही कापलेल्या नव्हत्या. सांध्यांवरचा कथलाचा डाख वितळवून त्या अलगद सोडवल्या होत्या.

"चालू असताना तापत असतील," त्यांचे मित्र भाऊ म्हणाले.

"न्हाय. रेडिओच्या व्हॉल्व्हसारख्या न्हाईत त्या. जेमतेम कोमट. मी गालाला लावून बघतो," शिवलिंग म्हणाला.

"आन् बायकोकडं बघत न्हाईत," दारातून अयोध्या, त्याची बायको, म्हणाली. "व्हय, फोडून टाकीन म्हणले होते मी. नोकरी लागली की हे तिकडं, मी इथं. पण हात लावला असता तर तुकडे सापडले असते."

कुलूप शाबूत होते; एक किल्ली शिवलिंगकडे, दुसरी दुकानाचे मालक नागप्पांकडे. शिवलिंगला रेडिओ त्यांनीच शिकवला होता. त्यांच्या बोटावर ताजा फोड होता.

"हे कसं झालं, उस्ताद?" अंबादासांनी विचारले.

"काल सांजच्याला घड्याळ बंद करताना पेटलेल्या नळीला बोट लागलं. लई तापली होती. बंद करून म्या घरी गेलो."

भाऊ कुजबुजले, "मला बाईंचाच संशय येतो."

"त्यांनी तारा तोडल्या असत्या, भाऊ. या डाख वितळवून सोडवल्यात. ते काम कारागिराचं. आणि ही नळी भाजत नाही. भाजतो तो व्हॉल्व्ह. उस्तादांनी आयुष्यभर व्हॉल्व्हच हाताळले, म्हणून खोटं बोलतानाही त्यांना तोच आठवला. बोट भाजलं ते डाखाच्या सळईनं."

नागप्पांनी एका जुन्या रेडिओच्या पोकळीतून फडक्याची पुरचुंडी काढली. चारही नळ्यांची टोके तडकली होती. आतला वायू जाऊन हवा शिरलेली. आता त्या उजळणार नव्हत्या.

"बस गेल्यावर परत लावणार होतो. काढताना हात थरथरला माझा, टोकं तडकली. डोळ्यांनी दिसंना आता. तू गेल्यावर दुकान कुणी बघायचं?"

"एकदा थांब म्हणायचं होतं, उस्ताद. थांबलो असतो."

नागप्पांनी मान वर केली. "मग आता थांब की रं."

शिवलिंगने फडके जसेच्या तसे मिटले आणि अयोध्येकडे पाहिले.

"ट्रंक भर," तो म्हणाला. "दोघांची."