बनामावशीच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या

लाईट यायला वेळ आहे, तोवर ऐका. पण मध्ये हसायचं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो आपल्या कऱ्हाटीचा महिपती अजून धडधाकट आहे, वाटल्यास उद्या विचारून या.

महिपती बारामतीत एका भूल देणाऱ्या डॉक्टरची गाडी चालवायचा. डॉक्टरचं स्वतःचं हॉस्पिटल नव्हतं. जिथं ऑपरेशन, तिथं तो जायचा; सकाळी बारामती, रात्री इंदापूर. हाताला यश आहे म्हणायचे लोक. म्हणून महिपतीनं निमगाव केतकीच्या आपल्या सख्ख्या मावशीला, बनाबाईला, पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी त्याच्याच हवाली केलं.

डॉक्टर म्हणाला, "डोळे मिटा मावशी. काही कळणार नाही."

आणि तिला सगळं कळलं. अंगाचं लाकूड झालेलं, डोळ्यांवर चिकटपट्टी, तोंडात नळी. पण कान जागे आणि कातडीही जागी. सुरी फिरली ती कळली. नर्स दोनदा म्हणाली, "सर, भुलीचं औषध संपत आलंय." आणि हा शहाणा मोबाईलवर विचारतोय, डाळिंबाच्या बागेत ठिबक कुठं गळतंय. बोट हलवायला म्हातारीनं जीव पणाला लावला. बोट हललं नाही.

शुद्धीवर आल्यावर तिनं शब्दन् शब्द सांगितला. ठिबकसुद्धा. डॉक्टर हसला. "स्वप्न पडलं असेल, मावशी. औषधानं पडतात."

घरच्यांनी तेच धरून ठेवलं. कुणी अंगारा लावला, कुणी लिंबू उतरवलं. अरे, बाई डॉक्टरच्या बागेतलं गळकं ठिबक सांगतेय, आणि तुम्ही लिंबं कसली उतरवताय? महिपतीला तरी कळायला हवं होतं, त्या बागेत तो स्वतः जाऊन यायचा. पण नोकरीची भीती. तोही म्हणाला, "मावशे, सपान असंल."

डोळ्यांवरून काढलेल्या त्या दोन पट्ट्या तिनं घरी आणून आरशावर चिकटवल्या होत्या. एकीला तिच्या भुवईचे पांढरे केस. येईल त्याला दाखवायची. "हितं हाय बघा. मी जागी व्हते." रात्री झोपायची नाही, डोळे मिटले की सुरी. वर्षाच्या आत गेली. महिपतीनं त्या पट्ट्या सरणावर ठेवल्या. त्याच्या डोळ्यांदेखत जळल्या.

आता गेल्या पौषातली, शाकंभरी पौर्णिमेच्या आदल्या रात्रीची गोष्ट. साडेअकराला इंदापुरातून तातडीचं बोलावणं आलं. डॉक्टर मागच्या सीटवर आडवा झाला. लासुर्णे गेलं. उसाच्या ट्रॉल्या मागं पडल्या, रस्ता मोकळा झाला.

निमगावच्या अलीकडं गाडीत स्पिरिटचा वास आला. मग गारठा. पौषातला नव्हे. ऑपरेशनच्या खोलीतला. महिपतीनं एसी बघितला. बंद.

मागून बाईचा आवाज. हळू. मायेचा.

"डोळं मिटा... काय कळणार न्हाय..."

महिपतीनं आरशात पाहिलं. मागं डॉक्टर एकटाच. छाती वरखाली होतेय. बाकी काही हलत नाही.

"साहेब...?"

...

"साहेब, झोपला का?"

...

मावशीचं घर आलं. गेलं. महिपतीनं गाडी थांबवली नाही.

इंदापूरला हॉस्पिटलच्या उजेडात त्यानं मागचं दार उघडलं. डॉक्टरच्या दोन्ही डोळ्यांवर चिकटपट्ट्या. खालून पाणी गळतंय. महिपतीनं त्या ओढून काढल्या, तसा डॉक्टर किंचाळत गाडीबाहेर कोसळला. माणसं धावली.

"मी जागा होतो, महिपती! माझं पोट कुणीतरी... सगळं कळत होतं. तुला हाका मारत होतो. बोट हलेना रे..."

सदरा वर करून पाहिलं. पोटावर ओरखडा नाही. माणसं एकमेकांकडं बघून गालात हसली.

"तू तरी सांग यांना," डॉक्टर रडत म्हणाला.

महिपतीनं तो आवाज ऐकला होता. एका शब्दाचं काम होतं. पण त्याला मावशीच्या घरचा तो आरसा आठवला, आणि त्यापुढं उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवणारी म्हातारी. त्याच्या मस्तकात तिडीक गेली. डॉक्टरची, आणि त्याहून स्वतःची.

"सपान पडलं असंल, साहेब," तो म्हणाला.

मग त्यानं मूठ उघडली. पट्ट्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या. डॉक्टरच्या भुवया काळ्याभोर. आणि एका पट्टीला पांढरे केस चिकटले होते.