कानसेनची खिडकी

माझी मावशी प्रेमात पडली ती एका भिजक्या कोटामुळे. आईला हे अजून माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

मावशी ऑफिसांमध्ये निसर्ग आणते. माणसं जिथे दिवसभर डोकं पिळून काढतात, तिथे उजेड, झाडं, लाकूड, पाणी अशा बेताने मांडते की डोकं ठिकाणावर राहावं. आई म्हणते, कुंड्या ठेवायला इतकं शिकावं लागतं का.

तेव्हा तिच्याकडे एका मदतवाहिनीचं काम होतं. मनाने खचलेले लोक तिथे फोन करतात आणि पलीकडचं माणूस ऐकून घेतं. खोली तळघरात. भिंती करड्या, ट्यूबलाइट पांढरीफटक, आणि चेहरे धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखे.

मावशीने कोपऱ्यात छोटासा झरा बसवला. दुसऱ्या दिवशी बघते तर झऱ्यावर कुणाचा तरी कोट. तिने तो उचलला, तोच मागून घोगरा आवाज आला, कोट राहू द्या. फोनवर पाण्याचा आवाज जातो. सकाळपासून तिघांनी विचारलं, तुम्ही बाथरूममधून बोलताय का.

मावशीला हसू आवरेना. त्याला मात्र हसायला वेळ लागला... हसू कुठे ठेवलंय ते आठवत असावा.

सगळे त्याला कानसेन म्हणत, इतकं तो छान ऐकायचा.

झरा गेला, पण मावशी रोज जायला लागली. मापं घ्यायची आहेत म्हणे. टेपचं दुसरं टोक कानसेन धरायचा, आणि भिंत कालपासून वाढली का, असं गंभीरपणे विचारायचा. एकदा टेप गुंडाळता गुंडाळता त्याने सांगितलं, दिवसभर परक्यांचं ऐकून घरी गेलं की आईचं बोलणं कानात शिरत नाही. आणि आई बोलते तरी किती, दिवसाकाठी चार वाक्यं. नोकरी सोडावीशी वाटते, पण तेही ठरत नाही. डोक्यात नुसतं धुकं.

मावशीच्या मनात एकच आलं, हा गेला तर?

मग तिने सारी अक्कल एकाच खुर्चीसाठी पणाला लावली. त्याच्या टेबलाच्या वर, अगदी छताजवळ, एक जुना झरोका विटांनी बुजवलेला होता. साहेबांशी भांडून तिने तो उघडवला. बाहेर एका म्हाताऱ्या झाडाची मुळं होती, ओली पानं होती, आणि तिरका, हिरवट उजेड थेट त्याच्या हातांवर पडायचा. फोन ठेवला की तो मान वर करून बघत बसे. हळूहळू त्याच्या चेहऱ्याला रंग आला. मावशी घरी गुणगुणायला लागली.

एका संध्याकाळी त्याने तिला थांबवून घेतलं. काचेवर थेंब सरकत होते.

"तुझी खिडकी फार वाईट आहे," तो म्हणाला.

"का, गळते?"

"नाही. इथे बसलं की विचार करता येतो." त्याने वर काचेकडे पाहिलं. "काल नीट विचार केला. मी जातोय. आईला घेऊन, लांब. काही दिवस कुणाचंच ऐकायचं नाही... तिच्याशिवाय."

मावशीने खाली मान घातली. तिच्या कामाने शब्द पाळला होता. माणसाचं डोकं स्वच्छ झालं होतं.

"तू राहावास म्हणून केली होती ती," ती म्हणाली.

"माहीत आहे."

मीही येते, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती त्याच उजेडात बसली होती, आणि त्या उजेडात तिलाही स्पष्ट दिसलं — याला आत्ता आणखी एक माणूस नको, शांतता हवी.

"मग एकच ऐक, आणि जा," ती म्हणाली. "मला तू आवडतोस. खूप."

दिवसभर लोकांनी त्याला फक्त दुःखं सांगितली होती. हे ऐकल्यावर काय करायचं, ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याने बिचकत तिचा हात धरला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

तिने सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत राहिला.

सोमवारी तो गेला.