पुलाखालचा ठोका

दिवा जरा जवळ सरकवा, म्हणजे सांगतो. श्रीमंत पेशव्यांच्या अमदानीत मी, श्रीधर, सरकारी बांधकामावर होतो. माघातल्या एका सकाळी मुठेवरच्या लाकडी पुलाच्या फळ्या तपासायला निघालो.

मागच्या श्रावणात सोनबा नावाचा गाडीवान इथेच फळी मोडून पुरात गेला होता. प्रेतही मिळालं नाही. कारभारी श्यामसुंदरपंतांनी त्या भगदाडावर एक फळी ठोकली, बाकीच्या कुजक्या फळ्यांवर माती पसरली आणि पूल चालू ठेवला. सोनबाची बायको बायडाबाई रोज पुलाच्या तोंडाशी येऊन बसे. तिच्याशी बोलायला पंतांना सवड नव्हती.

धुकं दाट होतं. मी माती खरवडत, हातोडीने फळ्या वाजवत चाललो. चांगली फळी खणखणते, कुजकी भद्द वाजते. पहिली भद्द फळी लागली, आणि खालून ठोका आला.

वाकून पाहिलं. नुसतं पाणी.

चांगल्या फळ्यांना उत्तर नव्हतं. कुजक्या प्रत्येक फळीला मात्र खालून ठोका... आणि पुराच्या चिखलाचा वास.

मी परत फिरलो. पंत येऊन उभे होते.

"पूल बंद करून सगळ्या फळ्या बदलाव्या लागतील," मी म्हणालो.

"उद्या धान्याच्या गाड्या यायच्यात. माती टाका."

"माणूस मेलाय, पंत."

"माणसं मरतातच."

माझ्या अंगाची आग झाली. "मग आपण चालून दाखवा."

ते निघाले. मागे मी, माझ्यामागे बायडाबाई. पंतांच्या पावलागणिक खालून ठोका येऊ लागला. मध्यावर ते थबकले. फटीतून आवाज आला, ओला, हळू...

"पंत... म्होरं पाय टाकू नगा..."

पंतांनी उचललेला पाय मागे घेतला. समोरची फळी आपोआप मोडून खाली गेली.

बायडाबाईने आवाज ओळखला. रडली नाही. फटीशी वाकून म्हणाली, "ह्याला वाचीवलंत व्हय, धनी? तुमाला सांगाया कोण हुतं?"



त्याच दिवशी पूल बंद झाला. मी सगळी हकीकत वर कळवली, पंतांचा कारभार काढून घेतला गेला. पण ते त्या दुपारी घरी जाऊन पोटभर जेवले, याचा मला आजही संताप येतो.

नव्या सागवानी फळ्या बसल्या, ठोके थांबले. जुन्या फळ्या काठावर रचल्या, सरपणाला कुणीही न्याव्यात म्हणून. कुणी नेल्या नाहीत. चैत्र सरला, वैशाख तापला, मुठेची धारसुद्धा आटली. तो ढीग मात्र वाळला नाही... फळ्यांतून पाणी ठिबकतच होतं.