सब्ज्याला नाक लावू नये

संत आंतोनियोच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी आदेलिनोने आईसाठी सब्ज्याचे रोप विकत घेतले, तेव्हा त्याच्या पिशवीत आणखी एक रोप आधीच होते. ते प्लास्टिकचे होते.

लिस्बनच्या जुन्या आल्फामा वस्तीतल्या बोळांत पताका लागल्या होत्या, दारोदार शेगड्या पेटल्या होत्या आणि तारल्यांच्या धुराने डोळे चुरचुरत होते. रोपवाल्या बाईने कुंडीत कागदी फूल खोचून दिले आणि वर नेहमीची तंबीही दिली, "नाक लावून हुंगू नकोस हं. हात फिरव आणि हाताचा वास घे." लिस्बनमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. सब्ज्याला माणसाचा श्वास सोसत नाही. थेट नाक लावले की रोप रात्रीत मान टाकते.

ओंदिनाला मात्र ते कधी पटले नाही. ओंदिना म्हणजे आदेलिनोची धाकटी बहीण. दमेकरी पोर, नाक कायम चोंदलेले. हाताला आलेला वास तिला कळायचाच नाही, म्हणून ती सरळ कुंडीत तोंड खुपसायची आणि सकाळी आईची बोलणी खायची. शेवटी आदेलिनोनेच तोड काढली. तो पाला खसाखसा चोळायचा आणि तळवा तिच्या नाकाशी धरायचा. "आला?" "आला!" डोळे मिटून ती असा ओढून श्वास घ्यायची, की त्याच्या तळव्याला गार लागायचे.

ती गेली ती याच सणाच्या आदल्या संध्याकाळी, अकरा वर्षांची असताना. आई दारात तारल्या भाजत होती. आदेलिनो मोठ्या रस्त्यावर मिरवणूक बघायला गेला होता. बोळातल्या कर्ण्यावर गाणे इतक्या जोरात लागले होते, की आतल्या खोलीत श्वास अडकलेल्या पोरीची हाक कुणालाच ऐकू आली नाही. गाणे थांबले, तेव्हा आत सगळे शांत झाले होते.

त्यानंतर त्याच्या आईने, झुल्मिराने, कधी शेगडी पेटवली नाही. दर सणाला ती ओंदिनाच्या पलंगाजवळच्या खिडकीत सब्जा ठेवायची आणि सकाळी रोप मेलेले असायचे. कडेने हिरवे, मधोमध करपलेले, लहान मुलीचे तोंड मावेल एवढा खळगा पडलेला. "येऊन गेली," आई म्हणायची, आणि तेवढ्यावर पुढचे वर्ष काढायची.

यंदा मात्र घरमालकाने घर विकले होते. तिथे प्रवाशांसाठी खोल्या होणार होत्या. नदीपलीकडे आदेलिनो एकटाच राहायचा, त्याने आपल्या घरात आईची खोली सजवून ठेवली होती. पण आई हटून बसली होती.

शेजारच्या एर्मिनियाबाई दारात तारल्या परतत होत्या. "आलास का पाहुण्या?" त्या म्हणाल्या. "पोट बघ केवढं सुटलंय! आता आईला नेलीस की तिच्या हातचं खाऊन फुटशील."

"ती येते कुठे, मावशी?"

"येईल कशी? लेक इथे आहे तिची." बाईंचा आवाज खाली आला. "गाणं मध्येच थांबलं ना, की मलाही भिंतीतून ऐकू येतं रे... सूं... सूं... मग मी कर्णा मोठा करायला सांगते."

आत आई अंधारातच बसली होती. मोतीबिंदूमुळे तिला दिवा असून नसून सारखाच.

"आणलंस?"

"आणलं. पण ठरल्याप्रमाणे हं, आई. उद्या रोप हिरवं राहिलं तर मुकाट्याने यायचं."

"येईन की. आणि मेलं, तर मला इथून कुणी हलवायचं नाही. मी गेले तर ती कुणाकडे येईल रे? रिकाम्या घरात हाका मारत फिरेल."

तिने पाल्यावरून अलगद हात फिरवला, हात हुंगला आणि कुंडी खिडकीत ठेवली. थोड्या वेळाने खुर्चीतच तिचा डोळा लागला. आदेलिनोला वाटायचे, आईच झोपेत उठून त्या रोपात तोंड घालून रडत असणार. प्लास्टिक काही रडण्याने मरत नाही. त्याने कुंड्यांची अदलाबदल केली, आणि नेमके तेव्हाच बाहेरचे गाणे संपले.

खोलीत कुणीतरी श्वास ओढत होते... अगदी जवळ, त्याच्या कोपराशी.

आई घोरतेय, त्याने स्वतःला समजावले. पण आईचा ऊर संथ हलत होता आणि हा श्वास घाईचा होता. दुसरे गाणे सुरू झाले. आदेलिनो खरे रोप कोटात घेऊन निघाला ते मागे वळून न बघता. नदीपलीकडच्या घरी आईच्या नव्या खोलीत त्याने कुंडी खिडकीत ठेवली, खिडकी लावली आणि दार ओढून घेतले.

सकाळी तो टेम्पो घेऊन आला, तेव्हा आई खिडकीसमोर उभी होती.

"हिरवंच दिसतंय का रे? का माझ्याच डोळ्यांचा दोष?"

"हिरवंच आहे, आई."

रोपाला तिने हातही लावला नाही. "रागावली," ती म्हणाली. "मी जाते म्हटलं, म्हणून रागावली पोर. चल."

आदेलिनोने पैज जिंकली होती आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. पुलावर आईने एकदाच विचारले, "तिला पत्ता कोण सांगेल?" तो समोरच्या रस्त्याकडे बघत टेम्पो हाकत राहिला.

घरी आल्यावर त्याने खोलीचे दार उघडले आणि तो उंबऱ्यातच थबकला. खिडकी बंदच होती. कुंडीतले रोप कडेने हिरवे होते. मधोमध करपून खळगा पडला होता.

आईला वास आला. चाचपडत जाऊन तिने त्या खळग्यात बोटे घातली. "हे कुठलं?"

"तुझंच... मी बदललं, आई. तिकडे प्लास्टिकचं ठेवलं होतं." तो लहान पोरासारखा रडू लागला.

आईने त्याच्या गालावर एक चापट मारली आणि मग त्याच गालावरून हात फिरवला. "गाढवा, तिला फसवायला निघालास? तुझ्या मागोमाग आली ती. घर सापडलं तिला." कित्येक वर्षांत इतकी मोकळी हसली नव्हती ती. मग नव्या पलंगावर अंग टाकून ती निवांत झोपली.

आदेलिनोने करपलेला पाला खुडून काढला, उरलेल्या रोपाला पाणी घातले आणि बाहेर येऊन आरामखुर्चीत पडला. दुपार होती. हात खुर्चीच्या कडेवरून खाली लोंबत होता आणि त्याला सब्ज्याचा वास येत होता. त्याचे डोळे मिटले.

तळव्याला गार लागले.

"आला?" जुन्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेले.

उत्तर आले नाही. तळव्याशी कुणीतरी श्वास आत ओढत होते... पुन्हा आत... पुन्हा आत. एकदाही तो बाहेर सुटत नव्हता. आदेलिनोला हात काढून घ्यायचा होता, आणि काढून घेववतही नव्हता. "सोड गं," तो हुंदका देत म्हणाला. "सोड ना श्वास, ओंदिना..."

"आदेलिनो?" आतून आईची हाक आली. "कुणाशी बोलतोयस?"

गारवा थांबला. उठून त्याने खिडकीच्या उजेडात हात धरला. तळवा कडेने नेहमीसारखा होता. मधोमध मात्र नाकाएवढी जागा करपून सुरकुतली होती, आणि दाबून पाहिले तरी तिथे काहीच कळत नव्हते.

त्याने मूठ मिटली. "कुणाशी नाही, आई," तो म्हणाला. "झोप तू."