तिसरी गाठ

पोंभुर्ण्याच्या मोटरस्टँडवर कोणीतरी माझ्या मासळीचं पोतं सोडून बसला होता. मी तावातावाने गेले.

"ओ भाऊ, काऊन सोडलं?"

"कुठी जाते ते पाह्यत होतो." केसांवर पावसाची भुरभुर, आणि नजर... जाऊ द्या. "बाहेरून काईच समजत नाई, बाई. मंग जो तो सोडून पाह्यते. मासळी नासते, अन् शिव्या आम्हाले."

मासळी नासत होती हे खरंच. म्हणून तर मला जास्त राग आला. तरी तो 'भाऊ' मी पुन्हा कधी तोंडातून काढला नाही!

सत्तावन्न साल ते. चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, दिवसाकाठी एकच मोटर, आणि हा घनश्याम तिच्यावर माल चढवायचा, टपावर बसून मालासोबत जायचा-यायचा. आमच्याच ढिवर जातीतला, मासेमारांतला, नदीपलीकडचा. बांधायचं कसं ते त्यानेच शिकवलं. मासळी पळसाच्या पानांत, पुड्यावर गिऱ्हाइकाची चिंधी. पुडे टोपलीत, तिच्यावर दुकानदाराची चिंधी. टोपल्या पोत्यात, वर चांद्याची लाल.

"मी लाल पाह्यतो अन् चढवतो. आत काय आहे, मले काय करायचं? पोतं चांद्याले सुटते, टोपली दुकानात, पुडा घरी. ज्याची गाठ त्यानंच सोडायची."

"अन् दुसऱ्याची सोडली तं?"

"तं तुमच्यासारखी कोणी भांडाले येते..." तो दोरी आवळत म्हणाला. "मंग सोडावंसं वाटते."

मी तोंड फिरवलं. हसू दिसलं असतं.

मासळी ताजी पोचू लागली. बाबा खूश. परतीचं सामानाचं पोतंही तसंच यायचं, गावाची गाठ, घराची गाठ, आत ज्याच्या त्याच्या रंगाच्या चिंधीचा पुडा. पोतं हलकं असलं तरी मीच स्टँडवर जायचे, आणि मोटर येईपर्यंत आम्ही जगभरचं बोलायचो. जे बोलायचं होतं तेवढं सोडून.

मग व्याहाडचे पाहुणे मला पाहून गेले. "उद्या जाऊन शब्द देतो," बाबा म्हणाले.

दुपारी मी घनश्यामला सांगितलं. तो खांद्यावर पोतं घेऊन नुसता उभा.

"मुका झाला का तू?"

मोटर सुटली. तो टपावर, मी खाली. घरापर्यंत मी रडतच गेले, आणि त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते सांगत नाही.

दिवेलागणीला परतीचं पोतं आलं. बाबांनी ते सोडलं, टोपलीची गाठ सोडली. आत एकच पुडा, पिवळ्या चिंधीचा. घरात पिवळी चिंधी फक्त माझी. बाबांचा हात पुढे गेला... आणि थांबला.

"गिरजा, तुही गाठ हाये. सोड."

पानात एक अख्खी सुपारी होती.

बाबा भडकले. "सोयरिकीची सुपारी पोरीच्या बापाले धाडतात! माह्या गाठीत काऊन नाई बांधली त्या घनश्यामनं?"

तरी मी बोलले, "त्याले आधी मले इचारायचं असन, बाबा."

चुलीपाशी आईने मान वर केली. आमच्या घरात हे कधी कोणी कोणाला विचारलं नव्हतं. तिलाही नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग कोनाड्यातला अडकित्ता काढून त्यांनी सुपारी त्यात धरली... पण दाबली नाही.

"सांग," ते हळूच म्हणाले, "फोडू?"

"फोडा."